बायजाबाईच्या तोंडचं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला तर नाहीच. वीसेक वर्षं मी जव्हारहून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवतो आहे. खचलेले रस्ते, बंद पडलेले हातपंप, प्रकल्प कार्यालयावरचे मोर्चे, साप चावलेली माणसं. त्या सगळ्यांत एक वाक्य असं आहे की — थांबा. तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. सरळ सांगता आलं असतं तर सात वर्षं का गेली असती?

आधी तो सिनेमा सांगतो.

आमच्याकडच्या एका दरोडेखोरावर तो होता. खरा माणूस. मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावरचा, स्वतःची जमीन नसलेला, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारा. एका बँकेच्या बांधकामावर तो होता आणि मागच्या भिंतीचा कुठला तुकडा घाईघाईत रचला गेलाय हे त्याला ठाऊक होतं. काही वर्षांनी तो त्याच तुकड्यातून आत शिरला. नंतर आणखी दोन बँका फोडल्या. तिसऱ्या वेळी झटापटीत राखणदाराचा एक डोळा गेला. अकरा महिने तो डोंगरांत लपून राहिला, मग पकडला गेला, शिक्षा भोगून परत आला आणि वर्षभरात आजाराने गेला. मागे त्याची बायको राहिली — बायजाबाई.

ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली ती मी. पाच लेखांची मालिका. ती वाचून मुंबईहून एक दिग्दर्शक आला, तेव्हा त्याच्या हातात माझ्या लेखांची कात्रणं होती. खरं सांगू? त्या दिवशी जव्हारच्या एसटी डेपोसमोर मी जितका ताठ उभा राहिलो असेन तितका आयुष्यात कधी राहिलो नाही.

त्याला बायजाबाईकडे न्यायचं होतं, म्हणून मी रामदासची जीप सांगितली. रामदास माझा जुना मित्र, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा. पावसाळ्यात मोखाड्याकडच्या उतारावर नागली-वरई करायची आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाडा जीप चालवायची, असं त्याचं वर्ष. गावच्या बोहाड्याच्या उत्सवात मुखवटा घेऊन नाचायचा. बोलायचा कमी. आम्ही दोघांनी मिळून कुपोषणावर, दारूवर पथनाट्यं केली होती. लिहायचो मी, मुख्य काम करायचो मी, आणि रामदास कधी झाड व्हायचा, कधी गर्दी. कॉलेजात एकांकिकेत मला अभिनयाची बक्षिसं होती. हे का सांगतोय? तुमच्या लक्षात आलंच असेल.

हो — तो दरोडेखोर मला करायचा होता.

दिग्दर्शक म्हणाला होता की इथलाच माणूस घेणार. शाळेच्या सभागृहात त्याने आमच्याकडून एक प्रसंग करून घेतला. दरोडेखोर डोंगरातून घरी येतो, बायको भाकर वाढते, एवढाच प्रसंग. मी त्यात स्वतःचे संवाद घातले. आवाज कापरा केला. डोळ्यांत पाणीही आणलं. दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. पण तुम्ही फार बोलता. मला न बोलणारा हवाय." मग तो दाराकडे बघायला लागला. तिथे रामदास उकिडवा बसला होता, जीपची किल्ली बोटात फिरवत. आमचं आटपेपर्यंत थांबला होता बिचारा.

त्याला उठवून आत आणलं. तो बसला, भाकर खाल्ली, पाणी प्याला, पुन्हा बसून राहिला. झालं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी टाळी वाजवली. सगळ्यात आधी मीच वाजवली.

चित्रीकरणाचे दिवस सोडून देतो. मी 'स्थानिक सहकार्य' होतो — गर्दी जमवा, परवानगी आणा, पाड्यावरच्या बायकांना समजावा. शेवटच्या नावांमध्ये माझं नाव आलं, पडद्यावरून वर सरकत, एक काना गळलेलं.

सिनेमा लागला आणि परीक्षणं यायला लागली. ती मी कशी वाचली, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी त्यांत फक्त रामदासबद्दलची वाईट ओळ शोधत होतो. मुंबईच्या इंग्रजी पेपराने चार तारे दिले आणि 'या नवख्या नटाचं मौन' यावर अख्खा परिच्छेद लिहिला. एका मराठी साप्ताहिकात दोन पानी लेख. यूट्यूबवरचा एक मुलगा तर रामदासचं नाव घेऊन रडला. कुणी म्हटलं, सिनेमा गुन्हेगाराला डोक्यावर घेतो, भिंत फुटल्यावर लोक शिट्ट्या मारतात, राखणदाराच्या डोळ्याचं काय? तो लेख मी जपून ठेवला. एकाने लिहिलं, उत्तरार्ध रेंगाळतो. त्या एका शब्दावर मी दोन दिवस काढले. पण त्यानेही खाली लिहिलंच होतं — मुख्य नटामुळे सिनेमा तरतो.

तरतो. कुणामुळे? ज्याला मी पथनाट्यात झाड केलं होतं त्याच्यामुळे.

लोक विचारायचे, तुमचा मित्र ना तो? मी हसून हो म्हणायचो. चहाच्या टपरीवर, पंचायत समितीत, शिक्षकांच्या खोलीत, सगळीकडे तेच. गोष्ट कुणी शोधली हे कुणी विचारलं नाही. एकदा घरी जेवताना बायकोही म्हणाली, "रामदासभावजी किती खरं करतात हो." मी ताटावरून उठलो नाही, पण पुढे काय जेवलो ते आठवत नाही.

मत्सर म्हणतात तो हाच का? मला वाटायचं मत्सर म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणं. मी वाईट चिंतत नव्हतो. मला फक्त त्याच्या जागी मी हवा होतो — आणि तो कुठेही नको होता. यात फरक काय, ते मला अजून सांगता येत नाही.

जव्हार-मोखाड्यात तो सिनेमा लागायची सोय नव्हती. रामदासने नाशिकच्या एका थिएटरात दुपारच्या खेळाची तिकिटं काढली आणि पाड्यावरच्या माणसांना दोन जिपांतून नेलं. बायजाबाईला त्याने स्वतःच्या जिपेत पुढे बसवलं. दैनिकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, दरोडेखोराच्या बायकोची प्रतिक्रिया घ्या, पहिल्या पानावर लावू. म्हणून मीही गेलो.

मी तिच्या बरोबर मागच्या रांगेत बसलो. मी सिनेमा पाहिलाच नाही, माणसं पाहिली. स्वतःचा डोंगर पडद्यावर दिसला तेव्हा ती एकमेकांना कोपरं मारत होती. भिंत फुटली तेव्हा पोरांनी शिट्टी मारली. राखणदार पडला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं. आणि तो भाकरीचा प्रसंग आला तेव्हा बायजाबाई खुर्चीत पुढे सरकली. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती तशीच राहिली, प्रसंग संपेपर्यंत.

दिवे लागले. लोक बाहेर निघाले. ती उठली नाही. रामदास तिच्याजवळ जाऊन खाली बसला. तिने त्याच्या गालाला हात लावला, म्हणाली, "असाच बसं तो. असाच. काय नाय बोलं." जरा थांबून म्हणाली, "बरा केलास." मग म्हणाली, "त्या राखणदाराला पन दाखवा."

एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही. मी हातभर अंतरावर होतो, वही उघडलेली होती.

याच्यापुढे कुठल्या समीक्षकाचे चार तारे टिकणार होते? ज्या माणसासोबत तिने संसार केला, तो तिला रामदासमध्ये दिसला. पाच लेख लिहिण्यासाठी मी तिच्या दारात किती वेळा बसलो होतो, पण माझ्या गालाला तिने कधी हात लावला नव्हता. मी वही मिटली.

घरी येऊन मी बातमी लिहिली. दरोडेखोराची पत्नी सिनेमा पाहून उद्विग्न झाली, असं लिहिलं. तिच्या तोंडी वाक्य घातलं — 'माझ्या माणसाचं दुःख यांनी बाजारात मांडलं. मला ते बघवलं नाही.' त्याच रात्री बातमी पाठवून दिली.

झालं सांगून. वाक्य ते हेच.

ते वाक्य नीट वाचा. अशी भाषा बायजाबाईची असेल का? 'दुःख बाजारात मांडलं' — हे पाड्यावरची म्हातारी बोलेल? ती भाषा माझी होती, एकांकिकेत बक्षीस मिळवणारी. पण बातमी छापून आली, मोठी आली, आणि एकाही वाचणाऱ्याला ते खटकलं नाही.

आणखी एक आहे, ते लपवत नाही. कुपोषणाने लेकरं गेली म्हणून वावर-वांगणी या आमच्याकडच्या गावांची नावं पेपरात रोज यायची तेव्हा मी शाळेत होतो. माझे वडील त्याच बाजूच्या शाळेवर शिक्षक होते. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. वडील म्हणायचे, लेकरू गेलेली बाई एक शब्द बोलत नाही आणि लोक तिच्या नावावर चार ओळी खपवतात. ते ऐकून मी ठरवलं होतं, इथलं आपण लिहायचं, जसं असेल तसं लिहायचं. म्हणजे मी काय करतोय हे मला कळत नव्हतं, असंही नाही.

दोन दिवसांत ती बातमी वाहिनीवर गेली. ज्या साप्ताहिकाने दोन पानं स्तुती केली होती, त्यात त्याच लेखकाचा दुसरा लेख आला — दुसऱ्याच्या जखमेवर सिनेमा काढायचा अधिकार कुणाला? चांगला लेख होता, विचार करून लिहिलेला. आणि तो माझ्या खोट्यावर उभा होता. यूट्यूबवाल्या मुलाने आधीचा व्हिडिओ काढून टाकला आणि माफी मागितली. खाली लोक रामदासला शिव्या देत होते — आपल्याच माणसाच्या बायकोला रडवून मोठा झाला म्हणून. एक वाहिनी तर थेट पाड्यावर पोचली. समोर माइक आल्यावर बायजाबाईने तोंडाला पदर लावला. ती परक्यांसमोर नेहमीच लावायची. त्यांनी ते 'अजूनही सावरलेली नाही' असं दाखवलं.

मी ते सगळं टीव्हीवर बघत होतो. आणि मला — सांगतोच — बरं वाटत होतं. पहिले काही दिवस तर फारच बरं वाटत होतं.

मग रामदास आला. दुपारची वेळ, डेपोमागच्या टपरीवर मी एकटाच होतो. समोर बसला. चहा सांगितला, पण प्याला नाही.

"दादा," तो म्हणाला, "मना तं नाय ऐकू आला. बाहेर जिपेकडं गेलो तेव्हा म्हणली का ती?"

तेव्हा मला सुटायला जागा होती. वाक्य छापताना चूक झाली म्हणता आलं असतं, संपादकांवर ढकलता आलं असतं. म्हटलं तर खरंही सांगता आलं असतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. मी जे सांगेन ते तो घेणार होता.

"म्हणाली," मी म्हटलं. "तू जीप काढायला गेलास तेव्हा."

लिहिलेलं खोटं एक वेळ हातून सुटलं असं म्हणेन. हे सुटलं नव्हतं. हे मी त्याच्या तोंडाकडे बघून दिलं.

त्याने समोरचा चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "तं मग बरोबर हाय तिचा. आपूनच चुकलो." उठताना म्हणाला, "माझ्यासंगं चल, तिची माफी मागू." मी म्हटलं, मला जिल्ह्याला बैठक आहे. बैठक नव्हती.

तो एकटाच गेला. तिथे काय झालं ते त्यानेच मला सांगितलं, जिपेत, माझ्या शेजारी बसून. कारण असं मनातलं सांगायचं तर त्याला मीच होतो ना.

बायजाबाईला बातमी वाचता येत नव्हती. तिला कुणीतरी वाचून दाखवली होती. रामदास पाया पडला तेव्हा ती घाबरली. म्हणाली, "मी म्हणले असन रे बाबा. म्हातारी झाले. काय बोलते, ध्यानात नाय राहं." आणि उलट तिनेच त्याची माफी मागितली. त्यानंतर आठवड्याने ती एसटीने त्याच्या घरी आली, नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. रामदासच्या आईला म्हणाली, तुझ्या लेकाला मी वंगाळ बोलले, मना माफ कर.

जे ती बोललीच नव्हती, त्यासाठी.

हे सांगताना रामदासने जीप बाजूला घेतली. मी काय केलं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातासाठी मला दुसरा शब्द सापडत नाही — तो निर्लज्ज होता.

पुढे त्याला दुसऱ्या सिनेमासाठी बोलावणं आलं. वाद झाला तरी आलं, मोठ्या कंपनीचं, चांगलं काम होतं. मला वाटत होतं वादाने त्याचं सगळं संपलं असेल, नव्हतं संपलं. त्याने स्वतःच नाही म्हटलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "तिथं उभा राहिलो का ती डोळ्यापुढं येल." ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे वाटलं ते असं — बरं झालं. आणि दुसरं वाटलं ते याहून वाईट होतं: मी असतो तर नाही म्हणू शकलो नसतो. इथेही तो माझ्यापेक्षा वरचढ निघाला.

बायजाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिच्या मनात ते होतं. तिच्या कार्याला आम्ही दोघे गेलो, तेव्हा तिची सून सांगत होती की पाड्यावर कुणी नवं आलं की म्हातारी आधी हेच सांगायची, मी एका चांगल्या माणसाला वंगाळ बोलले. रामदास बाहेर जाऊन उभा राहिला. मी आत बसून राहिलो. तिच्या जिवंतपणी माझ्याकडे पाच वर्षं होती. मोखाड्याची एसटी रोज सुटते.

गेल्या महिन्यात नाशिकहून एक मुलगी आली. सिनेमावर काहीतरी शिकते आहे, त्या सिनेमाला लोकांनी आधी कसं घेतलं आणि मग कसं झिडकारलं यावर तिला प्रबंध लिहायचा आहे. तिने रामदासला गाठलं. रामदास तिला माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "दादाला विचारा. तो जवळ होता."

तिने फोन माझ्यासमोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. विचारलं, "बायजाबाई नेमकं काय म्हणाल्या होत्या, सर?"

रामदास शेजारच्या खुर्चीवर होता, मान खाली घालून. म्हातारी गेलेली. माझी नोकरी काही त्या वाक्यावर टिकलेली नाही. खरं सांगून माझं काय गेलं असतं? विचार केला तर फार काही नाही.

मी तेच वाक्य सांगितलं. आणि या वेळी त्याला जोडही दिली — म्हणालो, हे बोलताना तिचे हात थरथरत होते.

मुलीने ते लिहून घेतलं आणि मग ती रामदासकडे बघायला लागली. त्याच्या गप्प बसण्याकडे, बराच वेळ. आणि मला, त्याही वेळी, वाटत होतं की तिने माझ्याकडे बघावं.

बायजाबाई तसं म्हणाली नव्हती. कधीच नाही. तिचे हात थरथरत नव्हते. एक हात रामदासच्या गालावर होता आणि दुसरा मांडीवर, स्वस्थ. रामदासला वाचता येतं. हे छापून आलं तर तो वाचेल.